डर्ट बाईकचं जुनं स्नो किट घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

गेल्या दोन हिवाळ्यांत कॅलगरीतल्या आपल्या तिघाचौघांनी मला विचारलं की तू ते बर्फावर चालवायचं किट घेतलं होतंस ना, कसं आहे, आम्ही पण जुनं बघतोय. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगून झालंय, आता सगळं एकदाच लिहितो, कारण माझे त्यात ४,२०० डॉलर गेले आणि वर डोंगरात एका संध्याकाळी जिवाला घोर लागला तो वेगळाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाईकचं पुढचं चाक काढून तिथे एक रुंद स्की लावतात, मागचं चाक आणि ते धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, काढून तिथे ॲल्युमिनियमचा टनेल, म्हणजे वरचं लांब आवरण, आणि त्याच्या खाली रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक. इंजिन बाईकचंच राहतं. इंजिनच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चक्रावरची, चेन टनेलवरच्या शाफ्टला जाते, तिथून बंद डब्यातली दुसरी चेन खालच्या ड्राईव्ह शाफ्टला, आणि त्या शाफ्टवरच्या चक्रांचे दाते पट्टा ओढतात. हे सगळं बाईकला जोडायला जे ब्रॅकेट, बुश, अॅक्सल लागतात त्या सेटला फिट किट म्हणतात, आणि तो प्रत्येक कंपनीचा, मॉडेलचा, बऱ्याचदा वर्षाचाही वेगळा असतो.

माझी बाईक ४५० सीसी फोरस्ट्रोक. नवीन किट परवडत नव्हतं, म्हणून ऑनलाईन जाहिरात बघून एकाकडे गेलो. माणूस अगदी गोड बोलणारा, गॅरेज स्वच्छ, गेल्या गेल्या कॉफी दिली. म्हणाला दोनच सीझन वापरलंय, फार तर चाळीस तास. किटला स्वतःचं मीटर नसतं, त्यामुळे तो म्हणेल ते तास, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. त्याने स्वतःच्या बाईकला जोडलेलं किट स्टँडवर चढवून ट्रॅक फिरवून दाखवला, एकदम गुळगुळीत, जराही आवाज नाही. मी लहानपणी कोल्हापुरात मामाच्या गॅरेजमध्ये सुट्ट्या काढल्यात, मला वाटलं आपल्याला मशीनचा आवाज कळतो. पण स्टँडवर ट्रॅकवर काही लोडच नसतो, दाते झिजलेले असले तरी तिथे छान फिरतो, खरं काय ते चढावर माणसाच्या वजनाखाली कळतं. हे त्याला पक्कं माहीत होतं.

फिट किट तुझ्याच बाईकचं आहे म्हणाला, थंडीत इंजिन गरम ठेवणारा थर्मोस्टॅट पण बसवलेला आहे म्हणाला. मग ई-ट्रान्सफर करायच्या आधी म्हणाला, मला एक मेसेज टाकून ठेव ना, "पाहिलं, तपासलं, पसंत आहे", माझ्या रेकॉर्डसाठी. मी टाकला. पावती मागितली नाही. हा मेसेज विसरू नका, पुढे येतोय.

घरी आणून बसवायला घेतलं तर ब्रॅकेटची भोकं गोल नव्हती, ड्रिलने लांबट केलेली, आणि सोबत जाड वॉशरची पिशवी. फिट किट दुसऱ्याच वर्षाच्या बाईकचं होतं. सरळ पट्टी लावून बघितलं तर दोन स्प्रॉकेट एका रेषेत नव्हते, जवळजवळ ५ मिलिमीटरचा फरक. त्याला फोन केला तर म्हणाला वॉशर टाक, सगळे टाकतात. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण सुट्टी काढलेली, बर्फ पडलेला, वॉशर टाकले आणि जानेवारीत ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डन गावाला गेलो. कॅलगरीहून साधारण २६० किलोमीटर, तिथे क्वार्ट्झ क्रीक नावाच्या डोंगराळ भागात स्नोमोबाईलवाले, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी चालवणारे, जातात.

उणे १८ तापमान. पहिला तास बरा गेला, फक्त इंजिन काही केल्या गरम होईना. मग मोकळ्या चढावर थ्रॉटल दिला की सीटखालून खाड खाड खाड, ट्रॅक दात्यांवरून उड्या मारत होता. परत वळलो आणि खाली येताना थ्रॉटल सोडून पुन्हा दिला तेवढ्यात चेन उतरली, स्प्रॉकेट आणि इंजिनच्या केसमध्ये जाऊन अडकली आणि केसचा कोपराच फुटला. पांढऱ्या बर्फावर काळं ऑईल टपटप पडताना बघितलं आणि पोटात गोळा आला. गाडी ठेवलेली जागा १४ किलोमीटर लांब, मोबाईलला रेंज नाही, पाच वाजता अंधार. सोबतच्या पुण्याच्या मित्राकडे स्नोमोबाईल होती म्हणून दोरी बांधून ओढत आणलं, तरी अडीच तास लागले, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर होती. एकटा असतो तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

घरी सगळं खोललं तेव्हा त्याने काय काय झाकलं होतं ते कळलं. चेनच्या डब्यात ऑईल नवं कोरं, ट्रॅक ज्यांच्यावरून घसरतो त्या स्लायडरच्या पट्ट्या नव्या, बघणाऱ्याला वाटावं की किती निगा राखलीये. पण ड्राईव्ह शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगवर ताजं ग्रीस थापलेलं होतं, फडक्याने पुसलं तर आतून गंजाची तपकिरी पूड, गोळ्यांना खड्डे. ट्रॅकमध्ये आडव्या फायबरग्लासच्या काड्या असतात, हाताने दाबून वाकवून बघितल्या तर ओळीने चार तुटलेल्या, तिथे रबर नुसतं लोळत होतं. थर्मोस्टॅटचं घर होतं, आत व्हॉल्व्हच नाही! म्हणून इंजिन थंड राहत होतं. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलिंडरवरून खाली ऑईलमध्ये उतरतं, माझ्या ऑईलला पेट्रोलचा चक्क वास येत होता.

आणि सगळ्यात वाईट ते स्टिकर. टनेलवर ब्रॅकेट जोडतात त्या जागी एक मोठं चकचकीत नवं स्टिकर होतं. बायकोच्या हेअरड्रायरने गरम करून सोललं तर खाली ११ सेंटिमीटरची भेग, आणि भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक गोल भोक पाडलेलं. भेग पुढे सरकू नये म्हणून असं भोक पाडतात. म्हणजे त्याने भेग बघितली, भोकं पाडली, वरून स्टिकर लावलं आणि मला कॉफी दिली. मी बराच वेळ तसाच खाली बसून होतो.

फोटो पाठवले तर त्याने उत्तर म्हणून माझाच "तपासलं, पसंत आहे" चा स्क्रीनशॉट पाठवला आणि ब्लॉक केलं. पोलिस म्हणाले हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. अल्बर्टात १,००,००० डॉलरपर्यंतचा दावा वकील न लावता स्वतः टाकता येतो, मी टाकला पण, पण कागद त्याला पोचवायचे कुठे? ते गॅरेज महिन्याच्या भाड्याचं निघालं, तो केव्हाच सोडून गेला होता, घराचा पत्ता माझ्याकडे नव्हताच. त्याच्या घरी न जाता, ओळखपत्रावरचं नाव न बघता पैसे पाठवले ही माझी चूक, ती तुम्ही करू नका. आणि "तपासलं" असा मेसेज तर कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका, उलट त्याच्याकडूनच लिहून घ्या की किती वापरलंय, फिट किट कुठल्या वर्षाचं आहे, कुठे वेल्डिंग किंवा भेग आहे का. बर्फावर चालवून बघू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

इंजिनची केस धरून माझा आकडा ६,००० च्या वर गेला. नवा थर्मोस्टॅट आणला तो आधी पातेल्यात पाणी तापवून उघडतो का ते बघूनच लावला, आता कशावरच विश्वास बसत नाही.

तो भेग पडलेला टनेल मी टाकलेला नाही, गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवलाय, घ्यायच्या आधी येऊन हात लावून बघा म्हणजे काय शोधायचं ते कळेल. आणि कुठे किट बघायला जाणार असाल तर मला सांगा, शनिवारी मी मोकळा असतो, पट्टी आणि हेअरड्रायर घेऊन येतो सोबत.