दिल्ली-बागडोगरा : 'ए' सीटच घ्या, बाकी काही नको

नोव्हेंबरात दार्जिलिंगला गेलेलो, दिल्लीहून बागडोगराची (दार्जिलिंगजवळचा विमानतळ) सकाळची फ्लाइट. जाताना डावी बाजू म्हणजे 'ए' घ्यायची, कारण विमान पूर्वेला जातं आणि हिमालय उत्तरेला. येताना उलट, 'एफ'. मी आधी मागच्या वर्षी हौसेने विंडोचे एक्स्ट्रा पैसे भरून बसलो तर शेजारी खिडकीच नाही, नुसती पांढरी भिंत!! आणि पुढे वाकून बघावं तर विमानाचा पंख. म्हणून यावेळी पार मागची रांग घेतली, टॉयलेटची लाइन सहन केली पण पंखाच्या मागे असल्याने सगळं मोकळं.

आणि मग काय सांगू, अर्ध्या वाटेनंतर ढगांच्या वर पांढरी रांग सुरू झाली ती संपेचना, एव्हरेस्ट ८८४८ मीटर म्हणजे साधारण २९ हजार फूट, त्यामुळे खाली वाकून नाही, जवळजवळ समोरच बघतोय असं वाटतं. शेवटी कांचनजंगा, ती तर ओळखूच येते. ऊन उजवीकडून, म्हणून डोळ्यावर चमक पण नाही. बायको मधल्या सीटवर, तिने अर्ध्यात मला उठवलंच :)

काच मात्र ओरखड्यांची, फोटो बेकार आले. पावसाळ्यात पैसे घालवू नका, नुसते ढग. ४.५/५