सिरपूरचा फ्लॅट की हातोदचा प्लॉट?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून इंदूरला परत येतोय. आई-वडील राजेंद्र नगरात, दोघांचंही वय झालेलं, त्यामुळे घर शहराच्या पश्चिमेलाच हवं. त्याने दोन जागा हेरल्या आहेत. एक धार रोडला, सिरपूर तलावापासून थोड्या अंतरावरचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दुसरी हातोदच्या पुढे, यशवंत सागरच्या बाजूला फार्म हाऊसचा प्लॉट. दोन्ही जाहिरातींत बदकांचे फोटो आहेत. "मावशी, तू इतकी वर्षं तिकडे दुर्बीण घेऊन जातेस, तूच सांग," म्हणाला. फोनवर त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते, कारण या पेचात तो एकटा नाही.

दोन्ही तलाव होळकरांच्या काळातले, माणसांनी बांधलेले. शहराला पाणी हवं होतं म्हणून बांधले आणि पक्ष्यांनी ते आपले मानले. 7 जानेवारी 2022 पासून दोन्ही रामसर यादीत आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा. सिरपूर 161 हेक्टरचं, यशवंत सागर जवळपास 823 हेक्टरचा. जानेवारी 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना रामसर करारातर्फे पाणथळ शहराची मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदाच. बिल्डरांच्या माहितीपत्रकात ही ओळ हमखास असते. तिच्यामागोमाग येणारे निर्बंध मात्र नसतात.

ते असे. केंद्राचे 2017 चे पाणथळ जागांचे नियम रामसर जागांना लागू आहेत. पाणथळ बुजवणं, तिथे कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, या सगळ्याला मनाई आहे. आणि घर घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट म्हणजे पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. बोटीचा धक्का तेवढा चालतो. ही पूररेषा म्हणजे उन्हाळ्यात दिसणारा पाण्याचा काठ नव्हे. नियम आले त्याच्या आधीच्या दहा वर्षांत पाणी सरासरी जिथवर चढलं, ती रेषा. मे महिन्यात दलाल तुम्हाला काठावर उभं करून "पाहा, पाणी किती लांब आहे" म्हणतो, तेव्हा तुम्ही कदाचित त्या रेषेच्या आतच उभे असता. म्हणून माझा पहिला सल्ला: जागा भाद्रपदात, दोन-चार मोठे पाऊस होऊन गेल्यावर एकदा पाहा. मग मोजा.

आता सिरपूर. जानेवारीत सकाळी सातला तलावाच्या बांधावर जाऊन उभे राहा. धुकं पाण्यावर टेकलेलं असतं आणि सगळ्यात आधी दिसतात ते वारकरी नावाचे पक्षी. काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. दिंडीसारखेच थव्याने चालतात पाण्यावर. एखादा बुडी मारतो, चोचीत हिरव्या पाणवनस्पतीचा झुपका घेऊन वर येतो, आणि शेजारचा लगेच तो हिसकायला धावतो. पलीकडे थापट्या बदकं रुंद चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत असतात. आणि तुमच्या पाठीमागे धार रोडवर ट्रकचे हॉर्न चालू असतात.

हे हॉर्न महत्त्वाचे आहेत. सिरपूर आता शहराच्या पोटात आहे. चहूबाजूंनी कॉलन्या आल्या, त्यांचं सांडपाणी आलं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजली. तलाव आज टिकून आहे तो पद्मश्री भालू मोंढे आणि 'द नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेच्या मंडळींनी वर्षानुवर्षं अतिक्रमणं, मासेमारी आणि झाडतोड यांच्याविरुद्ध चिकाटीने तंटा केला म्हणून. इथे जो पक्षी येतो तो शहराच्या गोंगाटाला सरावलेला आहे. आधीच वसलेल्या भागात, मलवाहिनीला जोडलेल्या इमारतीत आणखी एक कुटुंब राहायला आलं, तर तलावाचं नवं नुकसान फार थोडं होतं. हे मी नाइलाजाने नाही, पूर्ण विचार करून सांगते आहे.

अट एवढीच की इमारत खरोखर जोडलेली हवी. आणि ती उथळ काठावर उठलेली नको. बदकांना खोल पाण्याचं फारसं कौतुक नसतं. थापट्या, तलवार बदक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी या सगळ्यांचा संसार गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात आणि चिखलात चालतो. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली तिथे सरळ उभी दगडी भिंत आणि वर पेव्हर ब्लॉकचा रस्ता बांधला, की पाणी तेवढंच राहतं आणि पक्ष्यांचं ताट उचललं जातं. सकाळी फिरायला छान वाटतं, यात वाद नाही. पण तलावाकाठी घर घेणाऱ्यांनीच मोठ्या हौसेने अशा भिंतीची मागणी केलेली मी पाहिली आहे. तुम्ही ती करू नका.

राहण्याच्या दृष्टीने सिरपूरचे तोटेही ऐका. पावसाळ्यानंतर डास. मे-जूनमध्ये पाणी उतरलं की कुजणाऱ्या जलपर्णीचा वास. लगीनसराईत मॅरेज गार्डनचे डीजे आणि फटाके. हाच काळ पाहुण्या पक्ष्यांचाही असतो, बरीच बदकं रात्री चरतात, त्यांचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. आणि 'लेक व्ह्यू'चे जादा पैसे देण्याआधी इमारत आणि पाणी यांच्यामध्ये रिकामा भूखंड कुणाचा आहे ते विचारा. 50 मीटरच्या पलीकडे त्यालाही परवानगी मिळू शकते. मग तुमच्या गॅलरीतून शेजाऱ्यांची दोरीवरचे कपडे दिसतील.

यशवंत सागरचं सगळंच वेगळं. गंभीर नदीवरचं हे धरण यशवंतराव होळकर दुसरे यांच्या नावाचं. पाणलोट जवळजवळ सगळा शेतीचा: सोयाबीन, गहू, हरभरा. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो. इंदूरची मुख्य तहान नर्मदा भागवते, पण पश्चिमेकडच्या बऱ्याच वस्त्या अजून यशवंत सागरचं पाणी पितात. आणि मध्य भारतात सारस पक्ष्यांना जे मोजके भरवशाचे आसरे उरलेत, त्यातला हा एक.

भाच्याबरोबर मी तो प्लॉट पाहून आले. काळ्या मातीत चुन्याच्या रेघा ओढलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटचे खांब, मधोमध मुरमाचा रस्ता. कुंपणापलीकडच्या शेतात पाणी साचलं होतं आणि त्यात सारसाची जोडी उभी होती. माणसाएवढी उंच, राखाडी, मान आणि डोकं लाल. नर दोन पावलं चालायचा, थांबायचा, आमच्याकडे बघायचा. मादी मागे. त्यांना घरट्यासाठी असंच उथळ पाणी लागतं. गवत, लव्हाळे, काड्या रचून एक ढीग करतात, त्यावर बहुधा दोनच अंडी, आणि महिनाभर दोघं आळीपाळीने बसतात. एका हंगामात कुत्र्यांनी ती दोन अंडी खाल्ली की ते वर्ष गेलंच म्हणायचं. दलाल म्हणाला, "अहो ताई, पक्ष्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे." मी त्याला विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? तिथेही प्लॉटच पडलेत.

प्लॉटबरोबर काय काय येतं ते पाहा. रस्ता येतो, आणि रस्त्यामागून पुढची कॉलनी. विजेच्या तारा येतात, आणि सारसासारखा जड पक्षी उतरताना तारांना धडकून मरतो. मोठ्या सारसांच्या मृत्यूचं हे एक ठळक कारण आहे. उष्टं-खरकटं येतं, त्यामागे भटकी कुत्री. कुंपणं येतात, शेतातलं साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून चर खोदले जातात. घर एकच असतं, पण त्याची सावली दोन-चार शेतांवर पडते.

मात्र मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती शोषखड्ड्याची. हातोदकडच्या प्लॉटला मलवाहिनी नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा एवढीच सोय. माळव्याच्या काळ्या मातीला पाणी झिरपू देणं माहीत नाही. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि पावसात ती फुगून घट्ट बसते. शोषखड्डा शोषतच नाही. आमच्या स्वतःच्या कॉलनीत सुरुवातीची काही वर्षं हेच होतं. मलवाहिनी लवकरच येईल असं बिल्डरने तोंडी सांगितलं होतं. श्रावणात टाकी वर यायची, मागच्या अंगणातून काळं पाणी वाहत नाल्याला मिळायचं. सोमवारचा उपास सोडायला बसलं की घरभर तो वास. सासूबाई उदबत्त्या लावून लावून थकल्या. आमचा नाला कुठे जाऊन मिळतो, हे तेव्हा आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. हातोदच्या प्लॉटचा नाला कुठे जाईल, हे तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. गंभीर, मग यशवंत सागर, मग शुद्धीकरण होऊन नळ.

कागदपत्रांत फ्लॅट सोपा आहे. रेराचा नंबर, नगर तथा ग्राम निवेशची म्हणजे नगररचना खात्याची मंजुरी, महापालिकेची बांधकाम परवानगी, एवढं पाहून बँक कर्ज देते. प्लॉटचा खसरा (जमिनीचा नोंदणी क्रमांक) अजून शेतीचा, डायव्हर्शन म्हणजे बिनशेती झालेलं नाही, बटांकन म्हणजे पोटहिस्स्याची वेगळी नोंदही नाही. "आधी रजिस्ट्री करून घ्या, नामांतरण (फेरफार) मागाहून होईल" असं जिथे म्हणतात तिथून मी पाऊल मागे घेईन. घ्यायचाच असेल तर पटवाऱ्याकडून म्हणजे तलाठ्याकडून सीमांकन आणि पूररेषेपासूनचं अंतर, दोन्ही लेखी.

इथे कुणी म्हणेल, शेतकऱ्याने मग जमीन विकूच नये का? हा प्रश्न मी झटकत नाही. शिवपुरी जिल्ह्यात करैराला 1981 साली सोनचिड्यासाठी म्हणजे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. आतली बरीचशी जमीन खासगी. गावकऱ्यांना ती विकता येईना, मुलीच्या लग्नाला, आजारपणाला पैसा उभा राहीना. पक्ष्याबद्दलची आपुलकी जाऊन राग आला. नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला, जमिनी मात्र पुढेही अडकून राहिल्या. शेवटी अभयारण्याचा दर्जाच काढून घ्यावा लागला. ग्वाल्हेरला माझं माहेर, तिकडच्या नातेवाइकांकडून ही कहाणी अनेकदा ऐकली आहे. म्हणून हातोदच्या शेतकऱ्याला नुसतं 'विकू नको' म्हणण्यात अर्थ नाही. पाणी साचू देणाऱ्या, सारसाचं घरटं सांभाळणाऱ्या शेताचा मोबदला त्याला मिळायला हवा, आणि तो आपण शहरवाल्यांनी, त्याच्या पाणलोटातलं पाणी पिणाऱ्यांनी द्यायला हवा. तशी व्यवस्था होत नाही तोवर तो प्लॉट पाडणारच. ते प्लॉट विकत घ्यायचे की नाही, एवढं आपल्या हातात आहे.

भाच्याला मी फ्लॅट घे म्हटलं. बाग हवीच असेल, मातीत हात घालायचेच असतील, तर राजेंद्र नगरातलं आई-वडिलांचं जुनं घर आहे. वर मजला चढवता येतो, मलवाहिनी दारात आहे, आणि आंब्याच्या झाडावर भारद्वाज येतो. हा पर्याय त्याच्या डोक्यात नव्हता. त्याची बायको मात्र लगेच म्हणाली, "हे आपण आधी का नाही बघितलं?"

पुढच्या रविवारी तो एका स्थापत्य अभियंत्याला घेऊन जुन्या घराचा पाया दाखवणार आहे. काळी माती आहे, पाया जुना आहे, वरचा भार पेलेल का ते पाहावं लागेल. पेलला नाही तर सिरपूरचा फ्लॅट. त्यासाठी बिल्डरकडे त्याने दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: इमारतीची मलवाहिनी कुठल्या मुख्य वाहिनीला जोडली आहे त्याचा नकाशा, आणि गच्चीवरचे हॅलोजन तलावाच्या बाजूला लावणार नाही अशी हमी. नकाशा आला आहे.