आदाम, पाटण्याचे मणी आणि आखाजीची घागर: मंडळीत कोणतं उत्तर शिकवावं?

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) युवा सभा किंवा संडे स्कूल घेणाऱ्यांपुढे दोन प्रश्न हमखास येतात. सायन्सची मुलं विचारतात, आदाम-हव्वा खरोखर होऊन गेले का, आणि त्यांचा मुलगा काइन याला बायको कुठून मिळाली? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शेजारी पितरांच्या नावानं घागर भरली जाते, तेव्हा घरातली वडीलधारी माणसं विचारतात, गावात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, येण्याआधीच गेलेल्या आमच्या आज्या-पणज्यांचं काय? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात: एका माणसामुळे, आदामामुळे, पाप आणि मरण, एकामुळे, ख्रिस्तामुळे, कृपा आणि जीवन. म्हणून मानवाच्या उगमाबद्दल जे उत्तर निवडाल, त्याला दोन कसोट्या लावा. आपल्या पायाखालच्या दगडापुढे ते टिकतं का? आणि रोमकर ५ पुढे टिकतं का?

पृथ्वी काही हजार वर्षांचीच

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातली वयं सरळ बेरीज केली की आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं होतात. याच पद्धतीनं आर्चबिशप अशर यांनी १७ व्या शतकात सृष्टीची तारीख इ.स.पू. ४००४ काढली. या मताची मोठी ताकद म्हणजे रोमकर ५ इथे जसाच्या तसा बसतो. काइनाच्या बायकोचं उत्तरही तयार असतं: उत्पत्ती ५:४ प्रमाणे आदामाला आणखी मुलगे-मुली झाल्या, काइनानं बहिणीशी लग्न केलं, आणि अशा लग्नाची मनाई लेवीय १८ मध्ये नंतर आली.

अडचण दगडाची आहे. आपला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे पुष्कळदा दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो. एक थर थंड झाला, उन्हापावसानं झिजून त्याची माती झाली, मग त्यावर पुढचा लाव्हा आला. असे थरावर थर एका वर्षाच्या जलप्रलयात बसवता येत नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. ‘पृथ्वी जुनी निघाली तर बायबल खोटं’ असं शिकवलेला विद्यार्थी भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विश्वास आणि विज्ञान यांतलं एकच निवडायला निघतो. ही निवड आपणच त्याच्यावर लादलेली असते.

एक दिवस म्हणजे एक युग

उत्पत्ती १ मधला प्रत्येक दिवस म्हणजे एक लांबलचक काळ, असं हे मत. यात पृथ्वीचं वय सुटतं, क्रम सुटत नाही. उत्पत्ती १ मध्ये फळझाडं तिसऱ्या दिवशी आणि जलचर पाचव्या. जीवाश्मांत मासे फळझाडांच्या कितीतरी आधी येतात. पक्ष्यांचंही तेच, ते जमिनीवरच्या प्राण्यांनंतरचे. शिवाय उत्पत्ती २ मध्ये मनुष्य झाडाझुडपांच्या आधी घडवला जातो, म्हणजे क्रम सांगणं हा लेखकाचा हेतू नव्हताच. तात्पुरता पूल म्हणून ठीक, त्यावर अभ्यासक्रम उभारू नये.

उत्क्रांती देवाच्याच हातची

१९५० साली पोप बारावे पायस यांनी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला हरकत घेतली नाही. आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो, असं सांगितलं. प्रोटेस्टंटांमध्ये मानवी जनुक प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स यांनी ही बाजू लोकांपुढे नेली. दगड, जीवाश्म, जनुकं या तिन्ही बाबतींत हे उत्तर भक्कम आहे.

ते कोसळतं शिकवणाऱ्याच्या घाईमुळे. ‘आदाम म्हणजे नुसतं प्रतीक’ एवढं बोलून तो पुढे सरकतो, आणि मुलं लगेच विचारतात, आदामाचं पापात पतनच झालं नाही तर तारण कशापासून? हे मत शिकवायचं असेल तर पापाची शिकवण त्याच बैठकीत घ्यावी लागते. जुना ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन याच्या परंपरेत आदामाचा दोषही वारशानं येतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत दोष येत नाही. मर्त्यपणा आणि पापाकडे ओढ येते. दुसऱ्या मांडणीशी उत्क्रांती जुळवणं सोपं जातं, आणि ती मांडणीही ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या वारशातलीच आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आदाम खरा, पण एकटा नव्हे

आमचा कल इकडे आहे. जनुकांवरून पाहता, गेल्या काही लाख वर्षांत मानवजात कधी दोनच माणसांवर आलेली दिसत नाही. पण वंशावळीचं गणित वेगळं चालतं. पणजोबांचे पणजोबा आपले पूर्वज असतातच, त्यांचं जनुक आपल्यात उरलेलं असो वा नसो. याच आधारावर जीवशास्त्रज्ञ जोशुआ स्वामीदास यांनी २०१९ मध्ये मांडलं की काही हजार वर्षांपूर्वीचं एक जोडपं आजच्या सगळ्यांचं पूर्वज असू शकतं, भोवती इतर माणसं असली तरी. मग काइनाची बायको, त्यानं वसवलेलं नगर, ‘जो मला गाठील तो मारील’ ही त्याची भीती, सगळं सरळ वाचता येतं. रोमकर ५ मधला एक माणूसही जागेवर राहतो.

धोका एकच, पण मोठा. आदामाच्या एदेन बागेबाहेरचे लोक म्हणजे कमी दर्जाचे, अशी समजूत लगेच रुजते. १६५५ मध्ये फ्रेंच लेखक ला पेरेर यांनी आदामाआधीच्या माणसांची कल्पना मांडली, आणि पुढे वंशवाद्यांनी तिचाच आधार घेतला. भिल्ल, मावची, पावरा अशा आदिवासी मुलांसमोर हा धडा घेताना सुरुवात उत्पत्ती १:२७ पासूनच करा: देवाचं प्रतिरूप साऱ्या मनुष्यजातीला आहे. पाटण्यात मणी ओवणारे हातही त्यातच येतात. हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट झालं नाही तर पुढचं काहीही शिकवू नका.

आज्या-पणज्यांचं काय?

एक उत्तर कडक: ख्रिस्ताचं नाव घेऊन विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही (प्रेषितांची कृत्ये ४:१२). दुसरं, कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये दिलेलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचली नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, तेही ख्रिस्ताच्या कृपेनं तरू शकतात. तिसरं म्हणतं, मरणानंतरही संधी मिळते. आधार १ पेत्र ३:१९ चा, पण त्या ओवीचा अर्थच वादग्रस्त असल्यानं त्यावर भार टाकू नये.

पहिल्या उत्तराची गंभीरता आम्ही मानतो, पण ते इब्री ११ ला पुरत नाही: हाबेल, हनोख, नोहा यांपैकी कुणीही येशूचं नाव ऐकलं नव्हतं. तारणाचा पाया ख्रिस्तच, पण त्याचा लाभ कुणाकुणाला झाला याचा निकाल पाळकानं देऊ नये. रोमकर २:१४-१६ वाचा, मग उत्पत्ती १८:२५ मधला अब्राहामाचा प्रश्न (साऱ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?) वाचा, आणि थांबा. घागर भरावी की नाही हा आचाराचा प्रश्न आहे, तो याच बैठकीत ओढलात तर दोन्ही वाया जातात. आणि दुःख ताजं असेल तिथे हा विषय काढूच नका. महिना-दोन महिने जाऊ द्या, मग घरी जाऊन बसा.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाबद्दल मात्र विचारल्या क्षणीच बोला. २ शमुवेल १२:२३ मध्ये दावीद आपल्या मेलेल्या बाळाकडे जाण्याची आशा बोलून दाखवतो, आणि २००७ मध्ये कॅथलिक ईश्वरविज्ञान आयोगानंही अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असंच म्हटलं. आईला एवढं त्याच दिवशी सांगायला कुठल्याही मंडळीच्या पाळकानं कचरू नये.