बोस्टनच्या थंडीत हीट पंप : एका हिवाळ्यानंतरचा हिशेब

हीट पंप या मशीनचं आधी सांगून टाकू: चालतं, आणि चांगलं चालतं. ‘उणे १५ अंशांत एसी घर कसा तापवणार?’ हा पुण्याहून येणारा ठरलेला प्रश्न. उत्तर सोपं आहे. आपल्याकडचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी उलटा फिरवला की हीट पंप. नळ्यांतून फिरणारा रेफ्रिजरंट बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असतो, म्हणून तिच्यातली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो. मॉडेल मात्र ‘नीप’ या ऊर्जाबचतीसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शीत-हवामान यादीतलंच हवं. उणे १५ सेल्सिअसलाही १ युनिट विजेत किमान १.७५ युनिट उष्णता, ही त्या यादीची अट.

तक्रारी येतात त्या बहुतेक बसवण्यातल्या चुकांच्या. ‘मॅन्युअल जे’ हा खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब न करता अंदाजाने मोठं युनिट लावलं की ते सारखं चालू-बंद होतं आणि बिल फुगतं. एका आउटडोर युनिटवर चार इनडोर जोडले आणि त्यातला एकट्या बेडरूमचाच चालू ठेवला, तर हेच घडतं: कॉम्प्रेसर जितका मंद चालू शकतो, त्याहूनही त्या खोलीची गरज कमी असते. दुसरी दुखरी जागा म्हणजे तांब्याच्या नळीचे फ्लेअर जोड, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेले जोड. ते टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने आवळलेत का, नायट्रोजनने दाब-चाचणी झाली का, नळीतली हवा आणि ओल काढताना व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (दाबाचं माप) खाली उतरून तिथे टिकला का, हे तीन प्रश्न कंत्राटदाराला समोर उभं राहून विचारा. गळती सुरू झाली तरी लगेच कळत नाही. ऐन जानेवारीत गरम हवा कोमट होते तेव्हा कळते.

आउटडोर युनिट जमिनीवर ठेवू नका. दीड-दोन फुटांचा स्टँड हवाच, नाहीतर बर्फात गाडलं जातं. छपराचं पाणी ठिबकतं ती जागाही टाळा. डीफ्रॉस्टचा, म्हणजे बाहेरच्या युनिटवर साचलेला बर्फ मशीनने स्वतःच वितळवण्याचा त्रास कडाक्याच्या थंडीत जास्त असेल असं वाटतं, पण तो खरा होतो शून्याच्या आसपासच्या दमट दिवसांत. कडक थंडीची हवा कोरडी असते, युनिटवर बर्फ कमी धरतो. डीफ्रॉस्ट सुरू झाला की फुस्स आवाज येतो, वाफेचा लोट उठतो, आत काही मिनिटं गरम हवा थांबते. शेजारी धावत आले तर सांगा, आग नाही.

वापरायची सवयही बदलावी लागते. तेल जाळून घर तापवणाऱ्या ऑइल बॉयलरसारखं तापमान रात्री १५ वर आणून सकाळी २१ वर चढवू नका. पहाटेच्या सर्वांत थंड वेळी मशीन पूर्ण जोरावर धावतं आणि तिथेच कार्यक्षमता घसरते. तापमान एकच ठेवा आणि रिमोट विसरा. फिल्टर तीन-चार आठवड्यांनी धुवा. या सगळ्याआधी भिंती आणि माळ्याचं इन्सुलेशन करून घ्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातला ऊर्जाबचतीचा कार्यक्रम ‘मास सेव्ह’ त्याचा ७५ टक्के किंवा जास्त खर्च उचलतो.

आता बिल. एका गॅलन ऑइलमध्ये १,३८,५०० बीटीयू (उष्णतेचं माप). ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरमधून घराला मिळतात सुमारे १,१७,७००. हंगामभराची सरासरी सीओपी (एका युनिट विजेत मिळणारी उष्णता) २.७ धरली तर तेवढ्या उष्णतेला १२.८ युनिट वीज लागते. ३० सेंट दराने ३ डॉलर ८४ सेंट, २२ सेंट दराने २ डॉलर ८२ सेंट. ऑइलचा गॅलन याहून महाग असेल तरच बचत. म्हणजे मशीन तेच, घर तेच, आणि फायदा-तोटा ठरतो दरावर. गॅसशी तुलना आणखी कठीण: ९० टक्के कार्यक्षम बॉयलरच्या एका थर्मला (गॅस बिलातलं माप, १ लाख बीटीयू) पावणेदहा युनिट, म्हणजे ३० सेंटला २ डॉलर ९३ सेंट.

म्हणून राज्याचा कायदा इथे थेट खिशाशी येऊन भिडतो. ‘मास सेव्ह’ची त्रैवार्षिक योजना २००८च्या ग्रीन कम्युनिटीज कायद्यातून आली. तिचे पैसे वीज-गॅस बिलातल्या आकारातूनच येतात, त्यामुळे बिलं चढली की आधी कात्री तिलाच लागते. २०२५-२७च्या आराखड्यातून ५० कोटी डॉलर असेच गेले. फेडरल आयकरातली २,००० डॉलरपर्यंतची सवलत २०२५अखेर संपली. दुसरीकडे नोव्हेंबर २०२५पासून राज्यातल्या तिन्ही खासगी वीज कंपन्यांचा हीट पंपसाठी हिवाळी दर लागू झाला: नोव्हेंबर ते एप्रिल, पण सवलत वहन आकारावर (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च), विजेच्या किमतीवर नाही. आपल्या बिलावर कोणता दर छापलाय ते आजच बघा. हीट पंपचा नसेल तर अर्ज करा. सबसिडी एकदाच मिळते, विजेचा दर मात्र महिन्यागणिक भरावा लागतो. त्यामुळे कायद्याचा जोर या दरावर असायला हवा, असं आमचं मत.

२०२४च्या हवामान कायद्याने गॅस कंपन्यांना जमिनीखालची उष्णता विकायची वाट मोकळी केली. बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये गॅस कंपनीनेच टाकलेलं तसं भूऔष्णिक जाळं त्याच वर्षी सुरू झालं. जुनी गॅस पाइपलाइन बदलण्याचा खर्चही ग्राहकांच्याच माथी येतो, म्हणून हा पर्याय महत्त्वाचा.

विधिमंडळात विधेयकावर सुनावणी होते तेव्हा लेखी साक्ष देता येते. मतदार असण्याची अट नाही, व्हिसावरची माणसंही देऊ शकतात. एक पान पुरे. वर विधेयकाचा क्रमांक आणि आपलं गाव, खाली आदल्या हिवाळ्याचे ऑइलचे गॅलन, या हिवाळ्याचे युनिट, दोन्हींची रक्कम. ‘पर्यावरण वाचवा’ छापाचं पत्र समितीकडे ढिगाने येतं. महिन्यागणिक युनिट आणि दर लिहिलेलं पत्र क्वचितच येतं, आणि दरावर प्रश्न विचारायला तेच उपयोगी पडतं.