बाजार की बंद चिठ्ठी?

बिग बॉसच्या घरातून या आठवड्यात कोण जाणार, यावर मित्रमंडळींत अंदाजाचा खेळ मांडायचा तर दोन पर्याय आहेत. मॅनिफोल्डसारख्या साइटवर खोट्या पैशांचा बाजार, जिथे एखाद्या नावाचा भाव म्हणजे तो जाण्याची टक्क्यांतली शक्यता, नाहीतर कागदाच्या चिठ्ठ्या. खऱ्या पैशांचा विचार मनातून काढून टाका. कल्शी नावाच्या साइटवर सर्व्हायव्हर या रिअॅलिटी शोवर खऱ्या पैशांचे सौदे होतात, पण ते अमेरिकेत. आपल्याकडे २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ते दार बंद झालं आहे.

आमच्या गंगापूर रोडच्या गटाने २०२४ मध्ये, मराठीच्या पाचव्या सीझनला, दोन्ही करून पाहिलं. सीझन सत्तर दिवसांचा. पहिले पाच आठवडे बाजार, पुढचे पाच चिठ्ठ्या.

बाजाराची मजा वेगळीच, हे मान्य. नॉमिनेशन झालं की भाव हलू लागतात. एखाद्या रात्री एपिसोड चुकला तरी सकाळी भाव बघून कळायचं, काल घरात कुणाचं बिनसलं. गटाच्या मनात काय आहे ते एका आकड्यात दिसतं, ही सोय चिठ्ठीत नाही.

पण शनिवारचं काय करायचं? ‘भाऊचा धक्का’ या वीकेंडच्या भागाचं, ज्यात कोण गेलं ते कळतं, शूटिंग प्रसारणाच्या आधीच उरकलेलं असतं आणि बातमी फुटतेच. चौथ्या आठवड्यात आम्ही मिसळ खायला बसलो होतो. वहिनीने आठवडाभर एकही एपिसोड न चुकवता, कोणाचे चाहते किती मतं देतील याचा हिशेब मांडून एक नाव धरलं होतं. रस्सा वाढून होईतो दुसऱ्याच नावाचा भाव ३० वरून ९२ वर गेला. गटातल्या एकाला कुठल्याशा पेजवर नाव दिसलं होतं. त्याने त्या आठवड्यात एकही एपिसोड पाहिला नव्हता, आणि जिंकला तोच. वहिनीने फोन पालथा ठेवला. मला ते फार लागलं.

बाजार गुरुवारीच बंद करा, असं कोणी म्हणेल. पाचव्या आठवड्यात तेही केलं. मग सगळे शेवटच्या पाच मिनिटांसाठी दबा धरून बसले, आणि हलत्या भावाची गंमतच गेली.

चिठ्ठीत गुरुवारी रात्री दहापर्यंत प्रत्येक नावापुढे टक्के लिहायचे, बेरीज शंभर. घडी घालून स्टीलच्या डब्यात, डबा आमच्या फ्रिजवर. गुणांसाठी अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांची १९५०ची पद्धत घेतली: टक्के दशांशात घ्यायचे (७० म्हणजे ०.७), गेलेल्यापुढे एक, बाकीच्यांपुढे शून्य धरायचं, फरकांचे वर्ग करून बेरीज, कमी बेरीज तो पुढे. गेलेल्याला ७० टक्के दिले असतील तर त्या ओळीचे ०.०९, ३० दिले असतील तर ०.४९. उगाच छाती ठोकून सांगणाऱ्याला ही पद्धत चांगलीच महागात पडते.

हिशेब हाताने करावा लागतो, अर्धा तास जातो. गट मोठा असेल, माणसं वेगवेगळ्या गावांत असतील, तर बाजारच सोयीचा पडेल कदाचित. सात-आठ जण असाल तर मी डबाच काढेन. ‘कोणीच नाही’ अशी एक ओळ मात्र चिठ्ठीत ठेवा. एलिमिनेशन रद्द होणारा आठवडा येतोच. आमच्याकडे तो आला तेव्हा त्या ओळीपुढे ४० टक्के एकट्या वहिनीने लिहिले होते.