आयबीचं इंग्लिश लिटरेचर, हायर लेव्हल: दोन वर्षं घरात वापरून झाल्यावर

आमच्या सोसायटीतल्या दोघी आणि नणंदेची एक मैत्रीण, असे दोन आठवड्यांत तीन फोन आले. प्रश्न एकच. आयबीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या जागी असलेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला, इंग्लिश लिटरेचर हायरला घ्यायचं का? तिघींना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी शिक्षिका नाही. चिंचवडला एका सहकारी बँकेत कॅशला बसते. शिक्षण मराठी माध्यमात, मग बी.कॉम. इंग्रजी वाचते, पण बोलायची वेळ आली की अजूनही आधी वाक्य मनात जुळवते. मुलगी दहावीपर्यंत स्टेट बोर्डाला होती. पुढे आयबीत घालायचा निर्णय तिच्या बाबांचा, भोसरीच्या वर्कशॉपला तेव्हा बरे दिवस होते. फीचा आकडा इथे लिहीत नाही, कारण सासूबाई माझं सगळं लिखाण वाचतात. तर हा रिव्ह्यू पैसे भरणारीचा आणि रात्री अकराला दूध गरम करून देणारीचा आहे, एवढं धरून वाचा.

आधी मिळतं काय ते. आयबी डिप्लोमाला सहा विषय असतात, बहुतेक मुलं तीन हायरला आणि तीन स्टँडर्डला घेतात. हायरचे तास २४०, स्टँडर्डचे १५०. लिटरेचर हायरला दोन वर्षांत १३ पुस्तकं होतात, स्टँडर्डला ९. तेरातली निदान पाच मूळ इंग्रजीतली, निदान चार दुसऱ्या भाषांतून आलेली आणि उरलेली चार शाळेच्या मर्जीची. आयबी जी यादी देते ती लेखकांची. त्यांचं कुठलं पुस्तक घ्यायचं ते शिक्षकांनी ठरवायचं. म्हणजे नवनीत नाही, अपेक्षित नाही, आणि दुसऱ्या शाळेतल्या ताईच्या नोट्स मागून आणाव्यात तर तिची पुस्तकंच वेगळी. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

फोन करणाऱ्या तिघींचंही पहिलं वाक्य एकच होतं, ‘तेवढंच इंग्रजी सुधारेल.’ त्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. पेपर एकमध्ये प्रत्येक उताऱ्याला २० गुण असतात आणि ते चार खान्यांत पाच-पाच वाटलेले असतात. उतारा समजला का, लेखकाने काय केलंय ते उलगडलं का, मांडणी नीट आहे का, आणि भाषा. भाषेला २० पैकी ५. आमच्या बाईसाहेबांचा पहिला निबंध मी वाचला होता. मला तो इतका देखणा वाटला की मी त्याचा फोटो काढून ठेवला. गुण आले ८. समासात मॅमनी तीन ठिकाणी एकच शेरा मारला होता: कुठल्या ओळीत?

मला माझी बारावी आठवली. आम्हाला कवितेचं रसग्रहण असायचं. ‘कवीने निसर्गाचे विलोभनीय चित्र रेखाटले आहे’ हे वाक्य मी पावसाच्या कवितेला वापरलं, आईच्या कवितेला वापरलं, आणि दोन्हीकडे गुण मिळवले. इथे पेपर एक म्हणजे खरं तर रसग्रहणच. सव्वादोन तास, न वाचलेले दोन उतारे, दोन वेगळ्या प्रकारचे, आणि हायरला दोन्ही सोडवायचे. फक्त विलोभनीय म्हटलंत तर विलोभनीय कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं. शब्दात आहे, ओळ जिथे तुटली तिथे आहे, की कवीने पूर्णविराम खाल्लाय त्यात आहे? पहिले चार महिने पोरगी रडली. पाचव्या महिन्यात ती घरातल्या सगळ्यांना ‘कुठल्या ओळीत?’ विचारायला लागली. हे म्हणाले, ‘तुझं हल्ली अभ्यासात लक्ष नाही.’ ती म्हणाली, ‘कुठल्या ओळीत?’ त्यांना उत्तर देता आलं नाही. हा या विषयाचा साइड इफेक्ट आहे. पालकांनी तयारीत राहावं.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते.

शाळेच्या मर्जीच्या चारांत त्यांना अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ होतं, इंग्रजीतच लिहिलेला कवितासंग्रह, १९७६ साली पुस्तक म्हणून आलेला. खंडोबा आमचं कुलदैवत. लग्नानंतर ह्यांनी मला गडाच्या पाच पायऱ्या उचलून नेलं होतं आणि सहाव्या पायरीवर पाठ धरली होती. चंपाषष्ठीला घरात तळी भरतो. आणि आमची मुलगी तो गड वर्गात, एसीत बसून, इंग्रजीत वाचत होती. मला आधी हसू आलं, मग थोडा रागही आला.

एका रात्री तिने विचारलं, ‘आई, हॉर्सशू श्राइन म्हणजे कुठलं गं?’ कवितेत खंडोबा निळ्या घोड्यावर नवरीला मागे बसवून दरी ओलांडतो आणि टाप जिथे लागली तिथे खडकाला खाच पडते. मी म्हटलं, ही नवरी बाणाई असणार. म्हाळसा घरची, ही धनगराची लेक, पळवून आणलेली. म्हणून तर बाणाईचं देऊळ अर्ध्या डोंगरावर आहे, म्हाळसेने वर येऊ दिलं नाही तिला. पोरीचे डोळे चमकले. तिने लिहून घेतलं, मग पेन्सिल थांबली.

‘पण नाव नाहीये गं. नुसतं ब्राइड आहे. मॅम विचारतील कुठल्या ओळीत.’

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, ‘कुठल्या ओळीत काय? जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर गातात की!’

या एका संवादात माझ्या मते विषयाचा सगळा गुण आणि सगळा दोष आला. समोरच्या कागदावर जे आहे त्याच्याशी इमानदार राहायला तो शिकवतो, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. पण कागदाबाहेर जे पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलंय त्याला गुणांच्या खान्यात जागा मिळवायची तर फार झगडावं लागतं. खरं तर अभ्यासक्रमात ‘काळ आणि स्थळ’ असा एक भागच आहे, पुस्तक कुठे आणि केव्हा लिहिलं गेलं, कोण कुठे बसून वाचतंय, हे बघण्यासाठी. मॅमनी पुढे सासूबाईंची गोष्ट वर्गात सांगायला लावली. परीक्षेत मात्र ती तिने लिहिली नाही, धीर झाला नाही.

दुसरी आठवण म्हातारीच्या कवितेची. म्हातारी तुमची बाही धरते, पन्नास पैसे मागते, देऊळ दाखवते म्हणते. तुम्ही झटकायला वळता, तिच्याकडे बघता, आणि डोंगर-देवळं-आभाळ सगळं तडकून खाली येतं. म्हातारी तशीच उभी. शेवटी तुम्हीच तिच्या हातातले ‘स्मॉल चेंज’ होऊन जाता. पोरगी दोन तास त्या दोन शब्दांवर अडली होती. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, ‘चिल्लर गं. दिवसभर मोजते ती.’ आणि मग मलाच ऐकू आलं, आपण माणसालाही चिल्लर म्हणतो. ‘तो चिल्लर माणूस आहे.’ ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, हे घेऊ मी?’ माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत चिल्लर या शब्दाला कुणी एवढा मान दिला नव्हता.

हेच पुढे तिच्या ओरलला आलं. ओरल म्हणजे पंधरा मिनिटं, दहा मिनिटं सलग बोलायचं आणि पाच मिनिटं शिक्षकांचे प्रश्न. एक मूळ इंग्रजी पुस्तक आणि एक भाषांतरित, दोन्हींतून चाळीस ओळींपर्यंतचा एकेक उतारा, आणि दोन्हींना जोडणारा, जगात कुठेही लागू पडेल असा एक प्रश्न. हातात उतारे आणि दहा मुद्द्यांचा एक कागद, बस्स. तिने म्हातारीची कविता घेतली आणि नॉर्वेच्या इब्सेनचं नाटक ‘अ डॉल्स हाउस’. प्रश्न: नात्यात पैसा शिरला की कोण कुणाला मोजतं. नाटकाच्या सुरुवातीलाच नवरा नोराला घरखर्चाचे पैसे देतो आणि ती ते मोजते. आमच्या घरी दोन भाषांतरं होती, एक शाळेचं, एक नेटवरून फुकट उतरवलेलं. एकात नोरा क्रोन मोजते, दुसऱ्यात चक्क शिलिंग आणि पौंड, जसं काही नॉर्वे लंडनच्या पलीकडच्या गल्लीत आहे. कॅशियर म्हणून हा घोळ मीच पकडला, आणि हे मी लिहिणारच.

तालमी स्वयंपाकघरात, मोबाइलवर टायमर लावून. शेवटची पाच मिनिटं प्रश्न विचारायचं काम माझं. मला एकच प्रश्न यायचा, ‘मग?’ ती म्हणते तो सगळ्यात अवघड होता.

इथपर्यंत सगळं पाचपैकी पाच. तक्रार पुढे आहे.

दुसऱ्या वर्षी, ऐन दिवाळीनंतर, मॅम शाळा सोडून गेल्या. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, एक मेल आला, त्यात ‘ट्रान्झिशन’ शब्द चार वेळा होता. जे नवीन सर आले ते सज्जन होते, पण त्यांनी तेरातली सहा पुस्तकं शिकवलेलीच नव्हती. तेवढ्यात हायरवाल्यांचा मोठा निबंध आला, १२०० ते १५०० शब्दांचा, एकूण गुणांच्या २० टक्के. त्याच्या एकाच कच्च्या प्रतीवर शिक्षकांनी शेरे द्यायचे, असा नियम आहे. ती एक संधी सरांच्या ‘गुड, डेव्हलप फर्दर’ या तीन शब्दांत गेली. नियम आयबीचा, त्यात खोट काढत नाही. पण गाइड नसलेल्या विषयात शिक्षक हेच गाइड असतात, आणि ते मध्येच बदललं तर शाळेने काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. म्हणून प्रवेश घेताना लायब्ररी आणि स्विमिंग पूल बघू नका. लिटरेचर कोण शिकवतं, किती वर्षं इथे आहेत, ते विचारा.

पेपर दोन म्हणजे पावणेदोन तासांत एकच निबंध, दोन पुस्तकांची तुलना, आणि पुस्तक जवळ नाही. वर आणखी एक अट अशी की ओरलला किंवा मोठ्या निबंधाला वापरलेलं पुस्तक इथे चालत नाही. तिची जेजुरी अशी कटली. उरला शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ आणि नायजेरियाच्या अचेबेंची कादंबरी. अवतरणं पाठ करण्यासाठी फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी ऑथेल्लो लागला. सासूबाईंनी रुमालाची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, हा तर झुंजारराव. ऑथेल्लोवरूनच बेतलेलं देवलांचं ते नाटक त्यांच्या वडिलांनी गावच्या गणपतीत केलं होतं. पाठ करून लिहायचंच होतं तर स्टेट बोर्ड काय वाईट होतं, असं ह्यांनी त्या महिन्यात दोनदा म्हणून घेतलं.

निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. एचएससीचा त्याच्या बराच आधी, त्यामुळे इथल्या कॉलेजांत प्रवेश धरायचा असेल तर जून महिना फार वाईट जातो. डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा धरतात, पण एका कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने आमचा कागद उलटासुलटा करून विचारलं, ‘पर्सेंटेज किती?’ आयबीत टक्के नसतात, ४५ पैकी गुण असतात. आमचे ३४. लिटरेचरला शाळेने भाकीत केलं होतं ६, आले ७ पैकी ५. फेरतपासणीला गुण खालीही जाऊ शकतात, म्हणून गेलो नाही.

कुणी घ्यावं? जिला गोष्ट संपल्यावर ‘पण असं का?’ म्हणून खाज सुटते, तिने. ज्याला उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळायला हवं, त्याने घेऊ नये, त्याची दोन वर्षं वाईट जातील. इंजिनिअरिंगवाल्यांनी स्टँडर्ड घ्यावं, त्यालाही उतारा असतो, पण दोनातला एकच सोडवायचा. आणि इंग्रजी घरात बोलत नाहीत म्हणून कुणी घाबरू नये. आमच्या घरातली तिची सगळ्यात चांगली ओळ मराठीतून आली होती.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा त्या ‘ट्रान्झिशन’चा कापला.

पुस्तकं द्यायची आहेत. तेरा होती, समासात पेन्सिलीने लिहिलंय, पण वाचता येतं. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा, पैसे नकोत. जेजुरी मागू नका. ओरल झाल्यावर ती पिशवीत घालून गडावर नेली होती, तिच्यावर भंडारा सांडलाय, आणि सासूबाईंनी ती आता देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आहे.