संत्र्याच्या बागेत मिनी ट्रॅक्टर: टू-व्हील की फोर-व्हील?

काटोलकडच्या आमच्या बागेत ६ बाय ६ मीटरवर संत्री आहेत. उन्हाळ्यात वखरणीला टू-व्हील, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद मिळणारा ट्रॅक्टर, मस्त चालतो. किमतीला हलका, वळतोही कमी जागेत. पण मृगाचा पाऊस पडला की काळी माती टायरला गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि मागचं चाक जागीच फिरतं. मागच्या पावसाळ्यात फवारणीची भरली टाकी घेऊन असाच फसलो. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी आणली. लाज वाटली, पण निघाला!

फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारा, अशा चिखलात बराच सावरून नेतो. मात्र पुढच्या एक्सलचं ऑइल आणि सील बघत राहावं लागतं. डांबरी रस्त्यावर आलात की लिव्हरने फोर-व्हील बंद कराच, नाहीतर टायर खातो. मे महिन्यात रेडिएटरची जाळी मात्र दोघांचीही रोज झटकायची. ओलिताची बाग असेल तर मी फोर-व्हीलच घेईन.